नळी वांकवितांना

आमचें सारें आयुष्य धातु चालविण्यांत गेलें. 'गम्', 'पठ्', 'नम्' यांचीं रूपें मुलांकडून घोकून घेतां घेतां चौतीस वर्षें केव्हां सरलीं तें कळलें नाहीं. संस्कृतांत क्रियापदाच्या मुळास जो शब्द आहे तोच तांब्या-लोखंडासही आहे. परंतु हा दुसरा धातु पहिल्याइतका आज्ञाधारक नसतो, हें ज्ञान आम्हांस वयाच्या अडुसष्टाव्या वर्षीं व्हावयाचें होतें. जुन्या अकरावीची मॅट्रिक झालेल्या, आणि नोकरी संपेपर्यंत खडूखेरीज दुसरें हत्यार हातीं न धरलेल्या मनुष्यानें अॅल्युमिनियमच्या नळीवर लेख लिहावा, याचें वाचकांस हंसूं येईल. येऊं द्यावें. आम्हांसही पुढें आलें. पण मध्यंतरीं कांहीं दिवस असे गेले कीं, हंसूं आमच्यापाशीं उरलें नव्हतें.

वाईस कृष्णाकांठीं आमचें जुनें घर आहे. पडवींतून न्हाणीघराकडे जावयास एक अरुंद बोळ, आणि बोळाच्या शेवटीं एक उंच पायरी. कैलासवासी दादांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, आतां एकोणऐशीं वर्षांच्या आहेत. त्या या घरांत सून म्हणून आल्या तेव्हां आम्ही आठ वर्षांचे होतों; शाळेच्या डब्यांत गूळ-पोळी घालून देणारा हात त्यांचाच. गेल्या आषाढांत त्या पायरीवरून त्यांचा पाय निसटला. हाड वांचलें, पण बोळांत भिंतीला धरावयास दांडा हवाच, असें डॉक्टरांनीं बजावलें. लांकूड न्हाणीच्या ओलीनें कुजेल, लोखंड गंजेल. अॅल्युमिनियम हलकें आणि ओलीस न भिणारें. तेव्हां असें ठरलें कीं, पंचवीस मिलिमीटर व्यासाची नळी आणावी, लुगड्याचा पदर अडकूं नये म्हणून तिचीं दोन्ही टोकें भिंतीकडे वळवावीं, आणि ती भिंतीस पक्की बसवावी.

हें काम अर्ध्या दिवसांत करून देणारा मनुष्य आमच्या घराण्यांतच आहे. तो वहिनींचा एकुलता एक मुलगा. १९९८ सालीं दहावीस चांगले गुण मिळाले असतांना तो कॉलेजांत न जातां आय. टी. आय. मध्यें गेला. दादा गप्प बसले. आम्ही बसलों नाहीं. चार पाहुण्यांच्या देखत आम्ही म्हणालों, "विद्येच्या घरांत आतां हातोडा आला!" मुलगा त्यावर कांहीं बोलला नाहीं. पुढें त्यानें साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतींत स्वतःचें वर्कशॉप काढलें, घर बांधलें, आईस न्यावयास चारदां आला. वहिनींनाच नदी सोडवेना. दर गणपतीस तो येतो, आम्हांस वांकून नमस्कार करतो, आणि "काका, तब्येत कशी आहे?" एवढें विचारतो. पंचवीस वर्षांवर आमचें संभाषण एवढेंच. अशा मुलाकडे "एवढी एक नळी वांकवून दे" असें म्हणत जाणें आम्हांस जड वाटलें. घरांत मात्र आम्हीं कारण निराळें सांगितलें. सेवानिवृत्तीनंतर माळ्यावरच्या खोलींत आम्हीं थोडें सुतारकाम मांडलें होतें. व्हाइस होती, करवत होती, कानस होती. दोन-चार पाट आणि एक तिवई आमच्या हातून उतरली होती. "बाहेरच्यास कशाला? आम्हीच करूं," असें आम्हीं जाहीर केलें.

पहिली नळी आम्हीं रिकामीच वांकविली. परसांतल्या नारळाच्या बुंध्यास टेकवून दोन्ही हातांनीं जोर केला. नळी वळली खरी. पण वळणावर पपईच्या पोकळ देठाप्रमाणें मुडपून चपटी झाली. कारण मागाहून कळलें. नळी वांकते तेव्हां वळणाच्या बाहेरची बाजू ताणली जाते आणि आंतली दाबली जाते. पोटांत आधार नसेल तर ताणलेली बाजू आंत बसते, आणि गोल नळीची पट्टी होते.

दुसऱ्या वेळीं एका हार्डवेअरच्या दुकानदारानें पोटांत वाळू भरण्याचा उपाय सांगितला. आम्हीं नदीची बारीक वाळू चाळली, लोखंडी कढईंत परतून कोरडी केली, नळींत थोडी थोडी घालून ठोकीत ठोकीत दाबून भरली, आणि दोन्ही तोंडांस लांकडी बुचें मारलीं. सागवानी फळीचा गोल साचा कापून त्याच्या कडेस नळी बसेल अशी खांच कोरली. वळण नेमकें कोठें घ्यावयाचें तें कळावें म्हणून आमच्या शाळेंतल्या जुन्या कंपासाच्या टोकानें नळीभोंवतीं एक बारीक रेघ ओढली. आणि काय सांगावें! नळी सुरेख वळली. कोठें चपटी नाहीं, कोठें मुडप नाहीं. आम्हीं वाळू काढली, दुसरें टोकही तसेंच वळविलें, आणि जुन्या धोतराच्या फडक्यानें नळी पुसूं लागलों. पहिल्या वळणाच्या बाहेरच्या बाजूस फडक्याचा एक धागा अडकला. चष्मा चढवून पाहिलें. केसाएवढी भेग होती. आमच्याच कंपासाच्या रेघेवरून ती गेली होती.

येथून पुढें जें सांगावयाचें तें लिहितांना लेखणी अडखळते. आम्हीं त्या भेगेंत लांबी भरली. ती वाळल्यावर कांचकागदानें घासली, वर रुपेरी रंगाचे दोन हात दिले, आणि तो दांडा बोळांत बसविला. वहिनींनीं तो धरून पाहिला आणि म्हणाल्या, "भाऊजी, अगदी दुकानांतल्यासारखा झाला हो!" आम्हीं ती स्तुति घेतली.

उत्तरपत्रिकेंत चुकलेला अंक खोडून त्यावर दुसरा गिरविणाऱ्या मुलाचे आम्ही जन्मभर गुण कापीत आलों. त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं. दुसऱ्या रात्रींही नाहीं. पहाटे वहिनींच्या पावलांचा आवाज बोळांत आला कीं, त्या पायरी उतरून पलीकडे जाईपर्यंत आम्ही अंथरुणांत श्वास धरून पडत असूं. उठून सांगणें सोपें होतें. पण आज सांगूं, उद्यां सांगूं, असें करतां करतां चार दिवस गेले. पांचव्या दिवशीं पहाटे विजेरी घेऊन पाहिलें तों रंगावर काळा दोरा ओढावा तशी रेघ उमटलेली. तेव्हांच दांडा काढला, माळ्यावर नेऊन व्हाइसमध्यें धरला, आणि टोकावर हाताचा भार दिला. कट् असा आवाज झाला आणि वळण उघडें पडलें. त्या वेळीं दांड्यावर आमचा हात होता, वहिनींचा नव्हता, ही देवाची कृपा; त्यांत आमचें श्रेय कांहींच नाहीं.

वहिनी माजघरांत गवारीच्या शेंगा मोडीत बसल्या होत्या. आम्हीं सांगितलें, "वहिनी, दांडा काढला. त्याला भेग होती. बसविला तेव्हांच होती, आणि ती आम्हांस ठाऊक होती." त्यांनीं हातांतली शेंग मोडली, आणि मग म्हणाल्या, "कांहींतरी आहे हें मला कळलं होतं, भाऊजी. चार दिवस तुम्ही त्या भिंतीकडे बघत नव्हतां." यापलीकडे त्या एक अक्षर बोलल्या नाहींत. मुलाचें नांवही त्यांनीं काढलें नाहीं.

एवढें होऊनही आमचा अभिमान सरला नव्हता. लहानपणीं पुण्यास तांबट आळींत आम्हीं तांबटांचें काम पाहिलें होतें. ठोकतां ठोकतां तांबें कठीण होतें. मग तें भट्टींत लाल करतात, कीं पुन्हां मऊ होऊन हातोडीस वश होतें. तेंच येथें कां करूं नये? तिसरी नळी आम्हीं गॅसच्या टॉर्चवर धरली आणि ती लाल होण्याची वाट पाहूं लागलों. नळी लाल होईना. आणखी आंच दिली, तरी जशी होती तशीच पांढरी. मग एकाएकीं, कांहीं सूचना न देतां, ती मधोमध लोळली आणि तिचा एक गोळा फरशीवर पडला. अॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतें. इतक्या उष्णतेंत दिवसाउजेडीं तें डोळ्यांस लाल दिसत नाहीं. तांब्यास लावलेली परीक्षा आम्हीं निराळ्याच धातूस लावली होती.

दुसऱ्या दिवशीं तिन्ही नळ्या कापडी पिशवींत घालून आम्हीं साताऱ्याची एस. टी. धरली.

वर्कशॉपांत आम्हांस पाहतांच पुतण्या हातांतलें काम टाकून उठला. "काका, आई बरी आहे ना?" हा त्याचा पहिला प्रश्न. बरी आहे म्हणून सांगून आम्हीं तिन्ही नळ्या त्याच्या टेबलावर ओळीनें मांडल्या: एक चपटी, एक तुटकी, एक वितळलेली. लांबीची गोष्टही सांगितली. तो हंसला नाहीं. वैद्यानें नाडी पाहावी तसा त्यानें तुटक्या वळणावरून आंगठा फिरविला आणि म्हणाला, "वाळू चांगली भरली होती, काका. साचाही बरोबर आहे. नळी कडक होती, एवढंच. ही ६०६३, टी-६. आणि ही रेघ कशाची?" कंपासाची, असें आम्हीं सांगितलें. "ओरखडा दिसायला लहान असतो, पण ताण पडला कीं भेग तिथूनच सुटते. खूण शाईनं करायची." आमच्या मनांत निराळाच एक ओरखडा आला. आम्ही कांहीं बोललों नाहीं.

मग त्यानें कागदावर आंकडे मांडले, आणि तेथें मात्र आम्हांस आमची शाळा सांपडली. नळी २५ मिलिमीटरची. वळणाच्या मध्यरेषेची त्रिज्या ७५. म्हणजे बाहेरच्या कांठाची त्रिज्या ८७.५. मध्यरेषेपेक्षां बाहेरची बाजू एक-षष्ठांशानें, म्हणजे शेंकडा सुमारें १७ नें, लांबली पाहिजे. ही कडक नळी तुटण्यापूर्वीं शेंकडा ८ ते १२ च ताणते. तीच मऊ केली तर शेंकडा २५ च्या आसपास ताण सोसते. जी गोष्ट आम्ही दैवावर ढकलीत होतों ती पांचवीच्या मुलास समजावी अशा त्रैराशिकाची होती. त्रिज्या १५० धरली असती तर ताण निम्म्यावर, म्हणजे शेंकडा ८ वर, आला असता. पण मग दांडा भिंतीपासून वीतभर पुढें आला असता आणि आमच्या बोळांत माणूस चालतांना अडला असता. "पहिल्यानं मोठा वळसा चालेल का तें बघायचं," पुतण्या म्हणाला, "नाहींच चालला तर मऊ करायचं."

या धातूविषयीं मागाहून आम्हीं थोडें वाचलें. त्याचें नांव लॅटिनांतील तुरटीच्या शब्दावरून आलें आहे. एकेकाळीं तो इतका दुर्मिळ होता कीं, १८८४ सालीं वॉशिंग्टनच्या स्मारकस्तंभाच्या शिखरावर त्याचें टोंक मोठ्या मानानें बसविलें. १८८६ सालीं अमेरिकेंत हॉल आणि फ्रान्समध्यें एरू या दोघा तरुणांनीं, एकमेकांस ठाऊक नसतां, तो विजेच्या साह्यानें वेगळा करण्याची एकच रीति काढली आणि तो स्वस्त झाला. मद्रासच्या कलाशाळेंत आल्फ्रेड चॅटर्टन यांनीं १८९८ सालीं त्याचीं भांडीं घडविण्यास आरंभ केला. आमच्या लहानपणीं त्या भांड्यांस घरांत 'जर्मन' म्हणत, आणि सोंवळ्याच्या चुलीपाशीं त्यांस जागा नसे.

परंतु शुद्ध अॅल्युमिनियम मऊ असतें. त्यास बळ कसें आलें ही गोष्ट विलक्षण आहे. पोलादाची रीति आपल्या लोहारांस पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे: लाल करून पाण्यांत बुडविलें कीं तें कठीण होतें. आल्फ्रेड विल्म नांवाच्या जर्मन संशोधकानें १९०६ च्या सुमारास, तांबें आणि मॅग्नेशियम घातलेल्या अॅल्युमिनियमवर हाच प्रयोग केला. पाण्यांतून काढल्याबरोबर तें कठीण झालेलें नव्हतें; पण एक-दोन दिवस नुसतें पडून राहिल्यावर पाहावें तों तें आपोआप कठीण झालेलें. पुढें विमानें याच शोधावर उभीं राहिलीं. आमच्या नळींत तांब्याऐवजीं मुख्यतः मॅग्नेशियम आणि सिलिकॉन असतें, आणि कारखान्यांत तिला मंद भट्टींत कांहीं तास ठेवून हें बळ आणतात. 'टी-६' म्हणजे हीच अवस्था. याखेरीज प्रत्येक वांकण हाही एक संस्कारच असतो: एकदां वांकविलेली जागा पहिल्यापेक्षां कठीण होते. म्हणून वळण चुकलें तर मागें-पुढें वांकवून सरळ करूं पाहणें हा तुटण्याचा राजमार्ग होय. विसर पाडावयास तापविलेंच पाहिजे.

तें कसें तापवावें हें त्यानें आम्हांस करून दाखविलें नाहीं. आमच्याच हातून करवून घेतलें. ज्या घरांत असा एखादा छंद असेल त्यांच्यासाठीं तो क्रम येथें देतों.

वळणाच्या जागीं, दोन्ही बाजूंस थोडें अधिक अंतर घेऊन, कपड्याचा साधा साबण कोरडाच चोळावा. नळी या वेळीं रिकामी असावी. वाळू भरून बुचें मारलेली नळी कधींही तापवूं नये, कारण आंत ओल राहिली असल्यास तिची वाफ होऊन बूच बंदुकीच्या गोळीसारखें सुटतें. टॉर्चची ज्योत एका जागीं न धरतां सारखी फिरवीत राहावी आणि डोळा धातूवर न ठेवतां साबणावर ठेवावा. साबण पिवळा होतो, मग तपकिरी, मग काळा. काळा झाला कीं आंच तत्काळ काढावी. धातु पुरेसा मऊ झालेला असतो आणि वितळण्यापासून अद्याप दूर असतो. तापलेलें अॅल्युमिनियम थंड असल्यासारखेंच दिसतें, म्हणून जाड हातमोज्यांवांचून त्यास शिवूं नये. नळी निवली कीं साबण धुवावा, नळी पुसून पूर्ण वाळवावी, मग कोरडी वाळू ठासून बुचें मारावीं, आणि साच्याभोंवतीं थंडच, एकाच दिशेनें, एका दमांत पण सावकाश वळवावी. जोर सोडतांच नळी किंचित् मागें उलगडते, म्हणून दोन-तीन अंश अधिक वळवून ठेवावें. टोकें आरंभीं लांब ठेवावीं, म्हणजे हातास तरफ मिळते. जादा भाग मागाहून कापतां येतो.

एक गोष्ट पुतण्यानें दोनदां बजावली, आणि ती आम्ही दोनदां लिहितों. तापवून मऊ केलेल्या जागेचें बळ कमी होतें. तें परत आणावयाचें तर ५०० अंशांहून अधिक तापवून पाण्यांत विझवावें लागतें, मग पुन्हां कांहीं तास मंद भट्टींत ठेवावें लागतें. तें घरचें काम नव्हे. म्हणून माणसाच्या अंगाचा भार वळणावर येऊं देऊं नये. वळणाच्या अलीकडे, न तापविलेल्या सरळ भागावर, भिंतींत खोल बसविलेले भक्कम कंस असावेत आणि भार त्यांनीं घ्यावा. वळणाचें काम पदर अडकूं न देण्याचें. त्याहून अधिक त्याच्याकडे मागूं नये.

साबण काळा होण्याची वाट पाहत टॉर्च फिरवीत असतांना आम्हांस वाटलें, बोलावयाचें तें आतांच बोलावें. आम्हीं आरंभ केला, "तूं आय. टी. आय. ला गेलास त्या वर्षीं आम्ही जें बोललों—"

"काका," तो म्हणाला, "साबण काळा झाला. आंच काढा, नाहींतर ही पण जाईल."

आम्हीं आंच काढली. वाक्य तसेंच राहिलें. नळी निवेपर्यंत आम्ही दोघे बांकावर बसलों. त्यानें चहा मागविला आणि आमच्या कपांत साखर नको असें पोऱ्यास आठवणीनें सांगितलें. आमच्या साखरेच्या दुखण्याची बातमी त्याला कोणीं दिली हें आम्हीं विचारलें नाहीं. मग वाळू भरली. त्यानें साचा धरला आणि म्हणाला, "तुम्हीच वळवा." नळीच्या पोटांत वाळू करकरली, आणि ती अशी वळली कीं जणूं तिला तेंच करावयाचें होतें.

पुढच्या रविवारीं तो स्वतः ड्रिलचें मशीन घेऊन वाईस आला. कंस त्यानें बसविले. आम्हीं खाली पेटी घेऊन त्याच्या हातीं स्क्रू देण्याचें काम केलें. बसवून झाल्यावर त्यानें स्वतः दोन्ही हातांनीं दांड्यास लोंबकळून पाहिलें, आणि मगच आईस हांक मारली. वहिनी आल्या, दांडा धरून पायरी उतरल्या, पुन्हां चढल्या. कोणीं केला म्हणून त्यांनीं विचारलें नाहीं. "आतां दोघं जेवायला बसा," एवढेंच म्हणाल्या. जेवतांना राहिलेलें वाक्य आम्हीं पुरें केलें. तो खालीं पानाकडे पाहत ऐकत होता, नंतर म्हणाला, "काका, आमटी गार होतेय."

आतां पहाटे बोळांत पावलें वाजलीं तरी आम्ही कूस बदलून झोंपतों. मात्र दर महिन्याच्या पहिल्या तारखेस, जुन्या धोतराचा एक तुकडा दोन्ही वळणांवरून बाहेरच्या बाजूनें सावकाश फिरवून पाहतों. अद्याप धागा अडकलेला नाहीं.